भूछत्रांची सृष्टि

आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यांत दोन दिवस संततधार लागून तिसऱ्या दिवशीं जरा उघडीप पडली, कीं घराच्या मागील परसांत, गोठ्याच्या कडेला, कुजत पडलेल्या ओंडक्यावर रातोरात कांहीं पाहुणे उभे राहिलेले दिसतात. काल संध्याकाळीं तेथें कांहींएक नव्हतें. आज सकाळीं पांढऱ्या, पिवळ्या, तपकिरी छत्र्यांची जणूं जत्राच भरलेली असते. परसांत हिंडणारीं मुलें आनंदानें ओरडतात, आणि लगेच घरांतून एखादी वडीलधारी हांक येते, "अरे, हात लावूं नका त्यांना! कुत्र्याच्या छत्र्या त्या!" मग एखादा धीट मुलगा काठीनें त्या उडवून देतो, आणि प्रकरण तेथेंच संपतें. प्रस्तुत लेखकाच्या बालपणीं तें असेंच संपत असे, व बहुतेक वाचकांच्या घरींहि तें असेंच संपत असावें.

ज्या वस्तूला आपण इतक्या सहज लाथाडतों, तिच्याविषयीं आपल्या पूर्वजांचें मत मात्र असें एकेरी नव्हतें. कालिदासानें मेघदूतांत मेघगर्जनेची थोरवी सांगतांना, ती होतांच भूमींतून शिलींध्रें वर येतात व भूमि वंध्या नाहीं हें प्रत्ययास येतें, अशी कल्पना योजिली आहे. मल्लिनाथ तेथें 'कंदली' असा अर्थ देतो हें खरें. तथापि शिलींध्र हा शब्द भूछत्राच्या अर्थानेंहि रूढ आहे, आणि पहिल्या गडगडाटासरशीं भुई फोडून वर येणारें असें दुसरें काय आहे, हें कोंकणांतील कोणत्याहि शेतकऱ्याला विचारावें. सुश्रुतानें तर भूछत्रांची गणना शाकांत करून, पेंढ्यावर, उसाच्या चिपाडावर, शेणावर, वेळूवर व नुसत्या जमिनीवर उगवणारीं असे त्यांचे भेद सांगितले आहेत. याच्या उलट मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत छत्राकाला लसूण-कांद्याच्या पंक्तींत बसवून तें द्विजांना वर्ज्य ठरविलें आहे. कवीनें सौंदर्य पाहिलें, वैद्यानें गुणदोष पाहिले आणि स्मृतिकारानें त्याला पानावरून उठविलें. आमच्यासारख्या घराण्यांनीं या तिघांपैकीं तिसऱ्याचेंच तेवढें ऐकलें. आणि जें खावयाचें नाहीं तें पाहावयाचेंहि नाहीं, अशी एक सोयीस्कर समजूत करून घेतली.

या समजुतीपायीं माझ्या हातून एक अपराध घडला आहे. तो सांगितल्यावांचून पुढें लिहिणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

१९८६ सालचा श्रावण. आंबोलीच्या घाटाखालील एका खेड्यांत मी प्राथमिक शाळेवर नवाच शिक्षक होतों. एके सकाळीं तिसरीच्या वर्गांतील एक मुलगा ओल्या अंगानें दारांत उभा राहिला. त्याच्या हातांत सागाच्या पानाची पुडी होती. "गुरुजी, आवशीन दिल्यान तुमका," असें म्हणून त्यानें ती माझ्या मेजावर उघडली. आंत शुभ्र, उंच दांड्यांचीं, माथ्यावर मधोमध टोंक काढलेलीं पांच-सहा अळंबीं होतीं. त्यांच्या बुडख्यांना तांबडी माती तशीच लागलेली होती. मी दोन पावलें मागें सरलों. "हें अमंगळ छत्राक येथें नको. बाहेर टाकून ये, आणि हात धू," असें मीं त्याला सर्वांदेखत सांगितलें. वर्ग हंसला. मुलगा कांहीं बोलला नाहीं. तो बाहेर गेला. परंतु त्यानें तीं टाकलीं नाहींत. पडवीच्या कोपऱ्यांत पुडी पुन्हां बांधून ठेविली, आणि शाळा सुटल्यावर घरीं नेली. त्या दिवशीं त्यांच्या घरीं भाताबरोबर दुसरें कालवण नव्हतें, हें मला पुढें कित्येक महिन्यांनीं कळलें. त्या माउलीनें आपल्या ताटांतला घांस गुरुजींकडे पाठविला होता.

तें कळल्यावर पुढील पावसाळ्यांत मी त्या घरीं गेलों व अळंबीं येतात ती जागा दाखवा म्हणालों. त्या बाईंनीं मनांत कांहीं न ठेवतां मला रानाच्या कडेच्या एका मोठ्या वारुळाशीं नेलें आणि म्हणाल्या, "वारूळ खणूचा नाय हां, गुरुजी, नायतर फुडल्या वर्साक येवची नाय." पुस्तकांतून ज्याचा अर्थ समजण्यास मला नंतर कित्येक वर्षें लागलीं, तें त्या निरक्षर बाईंनीं एका वाक्यांत सांगितलें होतें. माझ्या अभ्यासाचा ओनामा तेथें झाला.

सर्वांत आधीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. भूछत्र म्हणजे झाड नव्हे. तें फळ आहे. आंब्याचें झाड जमिनीखालीं गडप असावें आणि आपल्याला वर्षांतून आठ दिवस केवळ आंबे दिसावेत, तसा हा प्रकार आहे. खरें शरीर म्हणजे मातींत, पालापाचोळ्यांत किंवा लांकडाच्या आंत पसरलेलें, सुतापेक्षांहि बारीक अशा पांढऱ्या तंतूंचें जाळें. त्याला कवकजाल म्हणतात. तें वर्षानुवर्षें, कधीं शतकानुशतकें जगतें. अमेरिकेंतील ऑरेगन प्रांताच्या एका अरण्यांत अशा एकाच कवकाचें जाळें सुमारे ९६५ हेक्टर भूमि व्यापून आहे, आणि त्याचें वय २,००० वर्षांहून अधिक असावें असें शास्त्रज्ञ मानतात. पाऊस, उबारा आणि अन्न यांचा मेळ बसला कीं हें जाळें आपलें फळ वर पाठवितें. भूछत्र एका रात्रींत वाढल्यासारखें दिसतें, त्याचें कारण असें कीं त्याची चिमुकली घडण आधींच जमिनींत होऊन राहिलेली असते. पाऊस पडतांच तिच्या पेशी पाणी पिऊन फुगतात, मिटलेली छत्री उघडावी तशी ती उघडते.

आमच्या विद्यार्थिदशेंत भूछत्रें वनस्पतींच्या प्रकरणांतच शिकविलीं जात. परंतु तीं हिरवीं नाहींत. सूर्यप्रकाशावर स्वतःचें अन्न तीं करूं शकत नाहींत. १९६९ सालीं व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञानें सजीवांचे पांच विभाग मांडले, त्यांत कवकांना स्वतंत्र राज्य दिलें. पुढें असेंहि सिद्ध झालें कीं त्यांचें नातें वनस्पतींपेक्षां प्राण्यांशीं अधिक जवळचें आहे. खेंकड्याचें वा झुरळाचें कवच ज्या कायटिन नांवाच्या द्रव्यानें बनतें, तेंच द्रव्य यांच्या पेशींच्या भिंतींत असतें. आजवर कवकांच्या सुमारे दीड लाख जाति शास्त्रांत नोंदल्या गेल्या आहेत. परंतु २०१७ सालीं तज्ज्ञांनीं केलेल्या अंदाजाप्रमाणें पृथ्वीवर त्यांची खरी संख्या २२ ते ३८ लाखांच्या दरम्यान असावी. म्हणजे अनोळखी असलेल्यांची संख्या ओळखीच्यांच्या कितीतरी पट आहे! आपल्या परसांतील एखाद्या छत्रीला अद्याप नांवहि मिळालेलें नसेल.

आतां या मंडळींच्या भेटीस जाऊं. आंबोलीस वर्षांत सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून तेथील रान भूछत्रांचें माहेरच होय. परंतु महाबळेश्वर, भीमाशंकर, माथेरान, किंवा आपल्या गांवची देवराई, कोठेंहि श्रावणांत गेलें तरी चालेल. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात: हळू चालावें आणि खालीं पाहावें.

पडलेल्या काटकीवर गुलाबी-केशरी रंगाचे इवले प्याले दिसतील. देव्हाऱ्यांतील निरांजनाहूनहि ते लहान असतात, आणि प्रत्येकाच्या कांठावर बारीक केंसांची झालर असते. शेजारच्या ओंडक्यावर माणसाच्या कानासारख्या, हातास मऊ लागणाऱ्या तपकिरी पाळ्या लोंबतात. उन्हांत त्या वाळून खडखडीत होतात व पाऊस लागतांच पुन्हां मऊ पडतात. जमिनींतून पिवळीं पोंवळीं उगवावींत तसे कांहींचे फांटे फुटलेले असतात. जुन्या वृक्षाच्या बुंध्याला लांकडासारखे कठीण, लाखी रंगाचे चमकदार फाळके चिकटलेले असतात. तेंहि भूछत्रच, मात्र त्याला छत्रीचा दांडा नाहीं. कुजक्या फांदीवर पंख्यासारखे पांढुरके, लोंकरीचे तुकडे दिसतात. त्यांच्या खालच्या बाजूच्या पाकळ्या उभ्या चिरलेल्या असतात. कोरड्या हवेंत त्या मिटतात व ओलाव्यानें उघडतात.

यांपैकीं कोणताहि आकार केवळ नटण्यासाठीं नाहीं. प्रत्येकाच्या मागें एकच प्रश्न आहे: चालतां न येणाऱ्यानें आपली संतति दूर कशी पाठवावी? भूछत्राचें बीज म्हणजे डोळ्यांस न दिसणारा बीजाणु. तो वाऱ्यावर सोडावयाचा तर उंची हवी, पावसापासून आडोसा हवा. म्हणून छत्री, आणि छत्रीच्या खालीं पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ पाकळ्या. थोड्या जागेंत पुष्कळ बीजाणु मावावेत यासाठीं ती योजना आहे. कांहीं भूछत्रें गोल चेंडूसारखीं असतात. पिकल्यावर बोट लागतांच त्यांतून धूर निघावा तशी भुकटी उडते. युरोपांतील अशा एका मोठ्या चेंडूंत सुमारे ७ लाख कोटी बीजाणु असतात, असा हिशोब बुलर नांवाच्या शास्त्रज्ञानें मांडला होता. त्यांतील दोन-चार रुजले तरी पुष्कळ झालें. भूतारा म्हणून जो प्रकार आहे, त्याच्या बाहेरील सालीच्या फुलासारख्या पाकळ्या उकलतात, आंतील चेंडू त्या वर उचलून धरतात, आणि पावसाचा टपोरा थेंब त्यावर पडला कीं माथ्याच्या छिद्रांतून बीजाणूंचा फवारा उडतो.

पक्ष्याच्या घरट्यासारखें एक भूछत्र आहे. तें करंगळीच्या नखाएवढें असतें, आणि त्यांत खरोखरच चार-पांच चपटीं अंडीं दिसतात. तीं अंडीं म्हणजे बीजाणूंच्या पुड्या. या वाटीचा उतार असा कीं आंत पडलेल्या पावसाच्या थेंबानें त्या पुड्या सुमारे हातभर, कधीं त्याहूनहि दूर उडाव्यात. ज्या पावसाला आपण नासधूस करणारा म्हणतों, त्याच्याकडूनच हें चिमुकलें जीव टपालवाल्याचें काम करवून घेतें.

आणि सर्वांत देखणें तें जाळीचें छत्र. पहांटे पालापाचोळ्यांतून एक पांढरें अंडें फुटतें, कांहीं तासांच्या आंत त्यांतून वीतभर खांब वर चढतो, आणि त्याच्या टोपीखालून नाजुक जाळीचा पांढरा घोळदार झगा खालपर्यंत सुटतो. क्वचित् तो पिवळा किंवा केशरीहि असतो. एखाद्या कुशल बाईनें क्रोशानें विणावें तसें त्याचें काम. परंतु जवळ जातांच नाकाला पदर लावावा लागतो. कारण टोपीवरील हिरवट चिकट लेपाला कुजक्या मांसाची दुर्गंधि येते. माशा त्या वासानें येतात, लेप खातात, आणि पायांना बीजाणु लावून निघून जातात. संध्याकाळपर्यंत तें सारें वैभव कोमेजून जमिनीवर लोळतें. रूप आणि दुर्गंध यांची अशी सांगड पाहून सुभाषितकारास एखादा श्लोक सुचला असता. निसर्गानें मात्र ती माशीच्या आवडीप्रमाणें घातली आहे, आपल्या नव्हे.

रात्रींचें दर्शन वेगळेंच. जूनचे पहिले पाऊस होऊन गेल्यावर भीमाशंकरच्या रानांत, आंबोलीच्या बाजूस, गोव्याच्या म्हादई खोऱ्यांत, काळोख्या रात्रीं कुजक्या काटक्या हिरवट प्रकाशानें उजळलेल्या दिसतात. मी तो देखावा प्रथम पाहिला तेव्हां बरोबरच्या गड्यानें "भुताची जागा" म्हणून पाऊल अडविलें होतें. कंदील विझवून दहा मिनिटें थांबलों, आणि डोळे काळोखास सरावल्यावर सारी वाट कोणी चांदण्याचा चुरा शिंपडावा तशी दिसूं लागली. भूत कसलें, तें कवकच होतें. त्याच्या शरीरांतील एका द्रव्याचा प्राणवायूशीं संयोग होऊन हा थंड उजेड निघतो; काजव्याचें तत्त्व असेंच, द्रव्य मात्र निराळें. असा प्रकाश देणाऱ्या कवकांच्या शंभरांहून अधिक जाति जगांत माहीत आहेत.

आतां त्या बाईंच्या वाक्याकडे येतों. वारुळावर उगवणारें अळंबें हें कांहीं योगायोगानें तेथें येत नाहीं. वाळवी लांकूड व पाला कुरतडून पोटांत नेते, परंतु त्यांतील कठीण भाग तिला पचत नाहीं. म्हणून ती आपल्या विष्ठेचे मधाच्या पोळ्यासारखे भोंकाभोंकांचे थर रचते आणि त्यांवर हें कवक वाढविते. कवक तें लांकूड मऊ करून देतें, आणि वाळवी तो तयार घांस खाते. माणसानें नांगर धरला त्याला दहा-बारा हजार वर्षें झालीं. वाळवीची ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीं आफ्रिकेंत सुरू झाली असें शास्त्रज्ञ मानतात. एम या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९४२ सालीं या कवकांना स्वतंत्र वंश देऊन त्यांच्या नांवांतच वाळवीचा उल्लेख ठेविला. पावसाळ्यांत या भूगर्भांतील शेतांतून एक लांब मुळीसारखा दांडा वर निघतो, आणि कठीण माती फोडतां यावी म्हणून टोपीला मधोमध अणकुचीदार टोंक असतें. माझ्या मेजावरील अळंब्यांना तें टोंक कां होतें, त्याचा उलगडा असा झाला. वारूळ फोडलें म्हणजे शेतकरी मेला आणि शेतहि मेलें; मग पुढील वर्षीं पीक कोठून येणार? गोमंतकांत या अळंब्यांना श्रावणांत मोठी किंमत येते, रस्त्याच्या कडेला पानांवर मांडून तीं विकलीं जातात. पैशाच्या लोभानें कोवळीं, न उमललेलीं अळंबीं खणून काढण्याचा प्रकार होऊं लागला, तेव्हां तेथील अभ्यासकांना व वनखात्याला जो इशारा द्यावा लागला, तोच त्या बाईंनीं मला वारुळापाशीं दिला होता.

खाण्याचा विषय निघालाच आहे, तर गृहिणींसाठीं एक सूचना कठोरपणें करतों. रानांतील भूछत्र ओळखीच्या जाणत्या माणसावांचून कधींहि शिजवूं नये. विषारी छत्रानें चांदीचें नाणें काळें पडतें, लसूण रंग बदलते, किड्यानें खाल्लेलें तें माणसाला चालतें, या सर्व समजुती खोट्या आहेत. गोगलगाय जें सुखानें खाते त्यानें माणूस दगावूं शकतो. कांहीं जातींचें विष उकळूनहि जात नाहीं. आणि त्याचा दगलबाजपणा असा कीं खाल्ल्यावर सहा-आठ तास, कधीं त्याहूनहि अधिक वेळ, कांहींच जाणवत नाहीं, व त्रास सुरू होतो तोंवर यकृताची हानि होऊं लागलेली असते. अंगणांतील हिरवळीवर येणारें मोठें पांढरें छत्र खाण्याच्या छत्रासारखें दिसतें, पण ओकाऱ्या-जुलाबांनीं बेजार करतें. मनूनें वर्ज्य ठरविण्यामागें कोणता विचार होता तो असो; अज्ञानाला मात्र तें वर्ज्यच असावें.

तथापि न खाणें आणि तुच्छ लेखणें यांत अंतर आहे. रानांत दरवर्षीं पडणारा पाला, मोडणारी फांदी, उन्मळणारा वृक्ष, हें सारें पुन्हां मातीस परत करण्याचें काम मुख्यत्वें कवकें करतात. लांकडाचा काठिण्य देणारा भाग पचविण्याची शक्ति फार थोड्या सजीवांत आहे, व त्यांत हीं अग्रेसर आहेत. जिवंत झाडांचीहि तीं सोबत करतात. बहुतेक वनस्पतींच्या मुळांशीं कवकतंतूंचा स्नेह असतो. तंतु दूरचें पाणी व क्षार आणून देतात, झाड त्यांना साखर देतें. माणसावरचे उपकार तर घरोघरीं माहीत असावेत. १९२८ सालीं लंडनमध्यें फ्लेमिंगला एका बुरशीभोंवतीं जंतु मेलेले दिसले, त्यांतून पेनिसिलीन निघालें. आणि १९५४ सालीं आपल्या पिंपरीस त्याचा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुण्यास १९४६ सालीं स्थापन झालेल्या व आज आघारकरांच्या नांवानें चालणाऱ्या संशोधनसंस्थेंत कवकांचा मोठा संग्रह आहे; वाळविलेल्या नमुन्यांच्या त्या भांडारास प्राध्यापक आजरेकरांचें नांव दिलेलें आहे. आपल्याच मंडळींनीं या उपेक्षितांसाठीं आयुष्यें वेंचलीं आहेत, हें मुलांना सांगावें.

मुलांकरितां घरच्या घरीं करण्याजोगा एक प्रयोग आहे. उमललेल्या भूछत्राचा दांडा कापून टोपी पांढऱ्या कागदावर पालथी, म्हणजे पाकळ्या खालीं येतील अशी, ठेवावी. वर वाटी झांकावी. सकाळीं अलगद उचलली कीं कागदावर बीजाणूंची रांगोळी उमटलेली असते: मध्यापासून कडेपर्यंत किरणांसारख्या रेघा, कोणाच्या तपकिरी, कोणाच्या काळ्या, कोणाच्या गुलाबी. पांढऱ्या बीजाणूंसाठीं काळा कागद घ्यावा. शास्त्रज्ञ ओळख पटविण्यासाठीं हेंच करतात. नंतर हात स्वच्छ धुवावेत, एवढें पथ्य पुरे.

गेल्या श्रावणांत मी पुन्हां त्या खेड्यास गेलों. तो विद्यार्थी आतां पन्नाशीकडे झुकला आहे. त्याची आई राहिली नाहीं. रानाच्या कडेची ती जागा आज काजूची बाग झाली आहे. माझ्या मनांत चर्र झालें. परंतु बागेच्या मधोमध, दोन ओळींची शिस्त मोडून, तें वारूळ तसेंच उभें होतें. जमीन सपाट करणाऱ्या यंत्रवाल्यानें पुष्कळ आग्रह केला, पण "आवशीन सांगितल्यान" म्हणून यानें तेवढी जागा सोडावयास लाविली. वारुळावर सात-आठ शुभ्र अळंबीं उभीं होतीं. दोन त्यानें बीज पडावें म्हणून ठेविलीं, बाकीचीं सागाच्या पानांत बांधून माझ्यापुढें धरलीं. चाळीस वर्षांपूर्वींचा वर्ग त्याला आठवत होता कीं नाहीं, हें त्यानें दाखविलें नाहीं. मला आठवत होता. मीं पुडी दोन्ही हातांनीं घेतली.

घरीं सूनबाईंनीं त्यांची भाजी केली. मीं ती खाल्ली नाहीं. जन्माची संवय या वयांत मोडत नाहीं, आणि मोडलीच पाहिजे असें मला वाटतहि नाहीं. नातवंडांनीं मात्र पानें स्वच्छ केलीं, व मीं कोणाला अडविलें नाहीं. त्यांतील एक अळंबें मीं आधींच मागून घेतलें होतें. तें रात्रीं कागदावर ठेविलें. सकाळीं फिकट गुलाबी रंगाचें एक चक्र त्यावर उमटलें होतें. तो कागद कांचेंत बसवून मीं देवघराच्या भिंतीवर लाविला आहे. येणारे-जाणारे विचारतात, हें कोणतें यंत्र? मी सांगतों, ही एका माउलीनें पाठविलेली भेट. घेण्यास थोडा उशीर झाला.